सोंग नव्हे, आजार



आज मी एका आजाराविषयी बोलणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेला लागूनच मुलांचे वसतिगृह होते. सातवीतला एक मुलगा तेथे राहत असे. पोरगा मोठा गुणी. पण रात्री झोपेत एकदम ओरडे. सायकल चालवावी तसे दोन्ही पाय जोरात मारी. अंग घुसळी. अर्ध्या मिनिटात सारे थांबे. मग लगेच उठून बसे आणि नीट बोलू लागे. एका रात्रीत असे चार-पाच वेळा होई.

मुले म्हणाली, "गुरुजी, हा सोंग करतोय." मलाही तसेच वाटले. फेफरे मी पाहिलेले होते. फेफऱ्यात माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, शुद्ध हरपते. याची तर शुद्ध जात नव्हती. मी त्याला छड्या मारल्या. तो रडत म्हणाला, "गुरुजी, मला सगळं कळतं हो. पण पाय थांबवता येत नाहीत." मी ऐकले नाही.

पुढे तो घरी गेला. देवऋषी म्हणाला, बाहेरची बाधा आहे. अंगारे झाले, ताईत झाले, कोंबडे झाले. वर्ष फुकट गेले. शेवटी त्याच्या मामाने त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. मीही सोबत गेलो. सारे ऐकून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हेही फेफरेच आहे."

मंडळी, हे कसे, ते समजून घ्या. आपला मेंदू अगदी बारीक विजेवर चालतो. दोन तारा चिकटल्या की ठिणग्या उडतात ना? तशी मेंदूतली वीज मधूनच भडकते. तेच फेफरे. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे, तो हातापायांना हुकूम देतो. वीज तेथे भडकली की पाय आपोआप चालतात. कोणाचा एक हात ताठ होतो आणि मान वळते. कोणी किंचाळतो, कोणी डुलतो. मेंदूचा बाकीचा भाग कधी कधी जागा राहतो. म्हणून रोग्याला कळते, पण आवरता येत नाही. हे झटके बहुधा झोपेत येतात आणि थोड्या वेळात संपतात.

डोक्याला तारा लावून मेंदूच्या विजेचा आलेख काढतात. या आजारात तो आलेख पुष्कळदा चांगला येतो. म्हणून आलेख चांगला आला की सोंगच, असे समजू नये. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान् पिढ्या चालतो. अशाच एका ऑस्ट्रेलियातल्या घराण्यात त्याचे आनुवंशिक कारण १९९५ साली सापडले. भुताचा येथे काय संबंध?

रात्री ओरडणारा प्रत्येक जण फेफऱ्याचाच रोगी असतो, असे मात्र नाही. काहींना नुसती वाईट स्वप्ने पडतात. ते डॉक्टरांनी ठरवायचे. आपण एक करावे. घरातल्या मोबाइलवर झटक्याचे चित्र घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्यांना त्याचा फार उपयोग होतो.

झटका आला तर रोग्याला दाबून धरू नका. जवळचा दिवा, विळा, दगड दूर करा. तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर ताबडतोब दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घ्यावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

आणखी एक. भूत काढण्यासाठी माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्या मुलाचे झटके गोळ्यांनी पुष्कळ कमी झाले. आज तो आपली शेती करतो. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी." पण माझ्या मनातून ते जात नाही. म्हणून सांगतो, अशा वेळी छडी उचलू नका. रोगी काय म्हणतो, ते आधी ऐका आणि दवाखान्याची वाट धरा.