घटस्फोट आणि ग्रीन कार्ड

पुण्याच्या कितीतरी मुली लग्न होऊन अमेरिकेत जातात. तिथे संसार मोडला, की पहिली धास्ती ग्रीन कार्डाची. तर आधी हे ऐका. घटस्फोटाने ग्रीन कार्ड आपोआप जात नाही. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड सशर्त असतं. ती अट काढायला एरवी नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा असतो. पण घटस्फोट झाला, तर ती एकटी अर्ज करू शकते. नवऱ्याची सही लागत नाही.

कुणी म्हणेल, मग कार्डासाठीच लग्न करणाऱ्यांचं फावेल. तसं नाही. लग्न खरं होतं, हे तिलाच दाखवावं लागतं. एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, दोघांच्या नावाची बिलं. कायदा पाहतो तो लग्न करतानाचा हेतू. आणि हे रास्तच आहे. टिकलं नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही. या कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. पुन्हा सांगते, घटस्फोटाने ग्रीन कार्ड आपोआप जात नाही.

मात्र एच-चार व्हिसावर गेलेल्या बायकोला हे संरक्षण नाही. तिचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो. घटस्फोटाबरोबर तो आधार संपतो. तिने निकालाची वाट न पाहता आधीच वकील गाठावा.