चिंता आणि धीर
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही शहापूरचे, आमच्या कुटुंबाचे माहेर मुरबाडचे. आमचे थोरले चिरंजीव स्वमग्न आहेत. दुसऱ्या अपत्याचा विषय निघाला, तेव्हा घरात मतभेद झाला. ‘पाठच्या भावंडाचेही असेच झाले तर?’ ही तिची चिंता. ‘जे येईल ते आपलेच’ हा आमचा धीर.

पाठच्या भावंडात ही शक्यता अधिक असते, असे शास्त्रही सांगते; तेव्हा तिची चिंता भाबडी नव्हे. मात्र आईच्या मायेतील उणिवेमुळे मूल स्वमग्न होते, हा गेल्या शतकातील समज साफ खोटा ठरला आहे. दोष असेल तर आमच्या धीराचा! ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत आम्ही दोन वर्षे दवडली.

२०१३ साली पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची पथके अंगणवाडीत येऊन बालकांची तपासणी करतात. त्या दिवशी मूल घरी लपवू नका.

आमचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. परंतु तिच्या चिंतेला आता आम्ही भित्रेपणा म्हणत नाही. चिंतेने डोळे उघडे ठेवावेत, धीराने हात चालू ठेवावा, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.