डोळ्याच्या पाण्याचा निचरा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढे केलेले भाषण)



आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत ते कर्जाचा किंवा शेतमालाच्या भावाचा प्रश्न घेऊन नव्हे. ज्या डोळ्यांच्या जोरावर आपण नांगराचे तास सरळ धरतो, सुईत दोरा ओवतो आणि सावकाराच्या कागदावरील आकडा वाचू लागलो आहोत, त्या डोळ्यांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम आमच्या ओळखीच्या एका सुताराची हकीकत ऐका. वय पन्नाशीच्या पुढे, हात असा की रंधलेल्या फळीवरून बोट फिरवावे तर कूस लागू नये. हा गृहस्थ येता-जाता चौकटीला डावा खांदा धडकवू लागला. घरची मंडळी म्हणाली, “तात्या, मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढू.” ज्याला डोळा दाखविला त्यानेही दाब न मोजता तेच सांगितले. तात्या पिकण्याची वाट पाहात बसले. पण तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. शहरच्या इस्पितळात पोचले तेव्हा डावा डोळा गेला होता व उजव्याची निम्मी नजर उरली होती.

नावे सारखी असली तरी हे दोन रोग एक नव्हेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून नवे घातले की नजर परत येते. (आणि तेही पिकेपर्यंत थांबण्याचे आता काही कारण उरलेले नाही.) काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर सुकते. या शिरेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. त्यांपैकी जे मेले ते मेले. जगातला कोणताही डॉक्टर ते पुन्हा जिवंत करू शकत नाही. उपाय आहे तो उरलेले राखण्याचा.

हे का होते? शेतकऱ्यास सांगावयाचे तर निचरा बिघडतो म्हणून. डोळ्यात आतल्या बाजूस एक स्वच्छ पाणी सारखे तयार होत असते आणि बुबुळाच्या कडेच्या चाळणीवाटे बाहेर जात असते. हे अश्रू नव्हेत, ते निराळे. पाटाचे पाणी येतच राहिले आणि चर बुजला तर जमीन चिबड होऊन मुळे कुजतात की नाही? तसाच दाब वाढून शीर कुजते. हा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरांत असावा असे धरतात; परंतु कित्येकांची शीर त्याहून कमी दाबातही बिघडते. सबब नुसता दाब मोजून भागत नाही, बाहुलीत औषध घालून शीरही पाहावी लागते.

बहुतेक लोकांस हा रोग दुखत नाही. नजर कडेकडेने जाते व मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणूस बेसावध राहतो. आपल्या देशात एक कोटीहून अधिक लोकांस हा रोग असावा असा अंदाज आहे, आणि त्यांतील दहांत नऊ जणांस त्याची वार्ताही नाही. दुसरा एक प्रकार मात्र एकाएकी येतो: डोळा लाल, कपाळ फुटेल असे दुखणे, ओकारी, दिव्याभोवती रंगीत कडी. हा बायकांत अधिक आढळतो, आणि आपल्या आयाबहिणी ‘पित्त झाले’ म्हणून चुलीपुढे बसून राहतात. त्या दिवशी रात्र उलटू देऊ नका. दृष्ट काढणारा आणि पूर्वजन्मीचे पाप सांगून दक्षिणा मागणारा, दोघेही तुमच्या डोळ्याचे वैरी समजा.

हा प्रकार असाध्य नव्हे हे 1857 साली बर्लिनच्या ग्रेफे नामक डॉक्टराने बुबुळाच्या पडद्याचा तुकडा काढून दाखविले. आज तेच काम चाकूवाचून, लेसर किरणाने पडद्यास बारीक छिद्र पाडून काही मिनिटांत होते. नेहमीच्या प्रकारात आधी थेंब देतात. ते जन्मभर घालावे लागतात, आणि गोरगरिबांची अडचण तेथेच आहे. बाटली संपली, बाजार लांब, हाती पैसा नाही, डोळा तर दुखत नाही. मग थेंब बंद! याकरिता लेसरने चाळणी मोकळी करण्याचा उपाय आपणांस विशेष उपयोगी वाटतो. इंग्लंडात नव्या रोग्यांवर हा उपाय आधी करून पाहिला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तीन वर्षांनंतरही चारांपैकी सुमारे तिघांस थेंबांची गरज पडली नव्हती. त्याचा गुण कालांतराने ओसरतो, सबब तपासणी सुटत नाही.

याने न भागल्यास शस्त्रक्रिया. 1968 पासून रूढ असलेल्या शस्त्रक्रियेत पापणीखाली पाण्यास नवी वाट करून देतात. दाब चांगला उतरतो, पण पुढे डोळा लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. कठीण रोगात नळी बसवितात. परदेशी नळी महाग, म्हणून मदुरेच्या अरविंद संस्थेच्या ऑरोलॅब कारखान्याने स्वस्त देशी नळी काढली, ही अभिमानाची गोष्ट होय.

अलीकडे लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा फार बोलबाला आहे. दोनेक मिलिमीटरांच्या छेदातून आत जाऊन डोळ्याची मूळचीच चाळणी उघडतात, किंवा तीत तांदळाच्या दाण्याहूनही लहान नळी बसवितात. ती बहुधा मोतीबिंदूबरोबरच उरकते व माणूस लवकर कामास लागतो. परंतु रोग बेताचा असेल तरच ती पुरते. पुढे गेलेल्या रोगात तिने दाब पुरेसा उतरत नाही. शिवाय नवे तेवढे सोने नव्हे. अमेरिकेत 2016 साली मंजूर झालेली अशी एक नळी, ती बुबुळावरील काचेच्या पेशी मारते असे दिसून आल्यावर, 2018 साली कंपनीनेच बाजारातून काढून घेतली. आणि प्रत्येक वेळी महाग नळीच लागते असेही नाही. कुशल डॉक्टर साध्या टाक्याच्या दोऱ्याने किंवा वाकविलेल्या सुईनेही चाळणी उघडतात. म्हणून कोणी जाहिरात दाखवून मोठी रक्कम सांगेल तर विचारा: “माझी शीर किती उरली? माझा दाब कोठवर उतरला पाहिजे? साध्या उपायाने का भागणार नाही?” असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. जोतिरावांच्या नावाची सरकारी जनआरोग्य योजना आहे. तीत आपली शस्त्रक्रिया बसते की नाही हे इस्पितळातील आरोग्यमित्रास आधी विचारावे.

एक गोष्ट राहिली. मळणीत डोळ्यात कूस गेली किंवा भट्टीची धग लागली की आपण दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणतो. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. आराम झटकन पडतो, पण महिनोन्‌महिने घातल्यास त्यानेच दाब वाढून काचबिंदू होतो. पोरांच्या खाजऱ्या डोळ्यांत तर ते मुळीच मनाने घालू नये. आणि ज्यांस दमा आहे त्यांनी काचबिंदूचे थेंब लिहून घेताना ते आधी सांगावे. काही थेंबांनी दमा उठतो.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळे तपासून घ्यावेत. आईबाप किंवा भावंडांस हा रोग असेल तर त्याहून आधी, कारण तो घराण्यात उतरतो. वर सांगितलेल्या तात्यांनी आपल्या दोन्ही मुलांस स्वतः इस्पितळात नेले. धाकट्यास काही निघाले नाही. थोरल्याचा दाब 28 भरला, शीर अजून चांगली आहे. त्याला पुढील महिन्यात लेसरसाठी बोलाविले आहे, आणि तोवर रोज रात्री त्याची बायको घड्याळ पाहून त्याच्या डोळ्यांत थेंब घालते.