काळी मेंदी नावाची मेंदी नसते

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटातली चार घरं लेकराबाळांसह कोकणात समुद्र पाहायला गेली होती, हे आता साऱ्या पंचक्रोशीला माहीत झालंय. परत आल्यापासून नळावर, गिरणीवर, गटाच्या बैठकीत दोनच प्रश्न. काय काय आणलं? आणि त्या पोरीच्या हाताला काय झालं? म्हटलं, एकेकीला सांगत बसण्यापेक्षा रेडिओवर सगळ्यांनाच सांगून टाकू.

आधी जाण्याचं, कारण पुष्कळजणींना जायचंय. आम्ही गेलो तेव्हा नागपूरहून मडगावला जाणारी गाडी आपल्या शेगाव-मलकापूरला थांबत होती. मलकापूरला बसून थेट कुडाळला उतरता आलं, मुंबईत सामान आणि लेकरं सांभाळत गाडी बदलायची कटकट झाली नाही. गाडी रोज नव्हती, तेव्हा ती आता आहे का आणि वार कोणता, ते पाहून घ्या. पैसे आम्ही दोन वर्षं भिशी टाकून जमवले होते. मालवणला होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधायला घेतला. आपण सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातल्या, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या. होडी हलली तशी आमच्यातल्या निम्म्या जणींनी डोळे मिटले होते, पण किल्ल्यावर पाय ठेवला तेव्हा लेकाच्या घरी आल्यासारखं वाटलं.

आता खरेदी. तिचा मान सावंतवाडीला. तिथं चितार आळी नावाचा भाग आहे, तिथं लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीनं लागलेली. आंबा, केळं, वांगं, मिरची, सीताफळ, सगळं लाकडाचं आणि इतकं हुबेहूब की आमच्यातल्या एका लेकरानं पेरूला दात लावून पाहिला. भातुकलीचा संच, पाट, चौरंग, देव्हारे. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करत, कारण ते हलकं. पांगारा आपल्याकडेही असतो, आपण तो फक्त लाल फुलांसाठी ओळखतो. आम्ही दुकानात विचारलं, हे कोणतं लाकूड, रंग कोणता, लेकरानं तोंडात घातलं तर? दुकानातल्या बाईनं एकेक वस्तू हातात देऊन सांगितलं: हे लाखेचं काम, हा तैलरंग, हे लहान लेकराला देऊ नका, हे शोभेचं आहे. गिऱ्हाईक गमावायची भीती तिला नव्हती.

तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे पत्त्यांसारखा जुना खेळ, पण पानं गोल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची दहा घराणी, दर घराण्यात बारा पानं, एकूण १२०. पानाला चिंचोक्याची खळ लावून ते कडक करतात, मग रंगवतात आणि वर लाखेचा हात. ही कला मरायला टेकली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली, वाड्यातच कारागीर बसवले, म्हणून ती राहिली. राणीनं खाली बसून कारागिराकडून शिकायचं, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. किंमत मात्र आपल्या खिशाबाहेरची, खोटं कशाला बोलायचं. आम्ही दोन सुटी पानं घेतली, आता ती गटाच्या कपाटात आहेत.

कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथं ठाकर समाजाची माणसं चित्रकथी करतात. एकेक चित्र पुढं धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. त्यांच्या कळसूत्री बाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्याच जागेत या कलेचं संग्रहालय मांडलंय. आपल्या भागातल्या वासुदेव-गोंधळ्यांची आठवण झाली. त्यांच्यासाठी असं कुणी मांडलं नाही.

समुद्रकाठच्या टपऱ्यांवर शंख-शिंपल्यांच्या माळा, आरसे, तोरणं लटकलेली असतात. लेकरांना तीच हवी असतात. घ्या, पण एवढं ध्यानात ठेवा की त्यातला पुष्कळ माल तिथला नसतो, तमिळनाडूकडून येतो. मग भाव करताना ‘इथली खास वस्तू’ या शब्दाला जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही. आणि एक वस्तू अजिबात घ्यायची नाही. काळ्या जाळीदार फांदीसारखी असते, ‘इंद्रजाल’ म्हणून विकतात, दारावर लावली की करणी लागत नाही म्हणतात. ती फांदी म्हणजे समुद्रातला जिवंत प्राणी, पोवळ्याच्या जातीचा. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. विकणं गुन्हा, बाळगणंही गुन्हा. करणी लागो न लागो, कलम लागेल.

आता त्या हाताचं.

एका किनाऱ्यावर संध्याकाळी ‘टॅटू’ची टपरी होती. सुईचा नाही, रंगाचा. अल्बममधलं चित्र निवडायचं, पोरगा कोननं ते दंडावर काढतो. अर्ध्या तासात वाळतं, पंधरा दिवस टिकतं, काळंभोर दिसतं. ‘काळी मेंदी आहे, हर्बल आहे,’ असं तो प्रत्येकाला सांगत होता. आमच्यातल्या एकीची पुतणी अकरावीत आहे, तिनं दंडावर फुलपाखरू काढून घेतलं. शेजारीच एक म्हातारी बाई साध्या हिरव्या मेंदीचा कोन घेऊन बसली होती. तिच्याकडून आमच्यातल्या दोघींनी तळहातावर मेंदी काढून घेतली. तिची मेंदी दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी विटेसारखी लाल झाली आणि बारा-पंधरा दिवसांत निघून गेली.

पोरीचा दंड सहाव्या दिवशी खाजायला लागला. सातव्या दिवशी फुलपाखराच्या रेघा फुगल्या. आठव्या दिवशी त्यावर पाण्याचे फोड, तेही रेघेबरहुकूम, जणू कुणी फोडांनीच चित्र काढलंय. ताप आला. घरातल्या कुणी हळद लावा म्हटलं, कुणी टूथपेस्ट. तिच्या काकूनं दोन्ही नाही म्हटलं आणि सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात पाहताच विचारलं, ‘काळी होती का? कुठं फिरायला गेला होतात?’ म्हणजे त्यांच्याकडे हे नवं नव्हतं.

बायांनो, मेंदीच्या पाल्यात काळा रंग नसतोच. पाल्यातला रंग नारिंगी-तांबूस असतो. तो कातडीच्या वरच्या थरात शिरतो, हवेनं एक-दोन दिवसांत गडद होतो आणि तो थर झडला की जातो. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथं मेंदी रंगते. दंडावर, पाठीवर ती फिकी पडते. गोम इथंच आहे. फिरायला आलेल्या पोरांना चित्र दंडावर हवं, तेही काळं आणि झटपट. ते पाल्यानं होत नाही. म्हणून मेंदीत केस काळे करायचा डाय मिसळतात, किंवा नुसता डायच लावतात.

त्या डायमध्ये एक रसायन असतं, पॅराफेनिलिनडायमिन. डॉक्टर त्याला पीपीडी म्हणतात. २००६ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेनं त्याला त्या वर्षाचा सर्वांत लक्ष देण्याजोगा अॅलर्जीकारक पदार्थ ठरवलं होतं. युरोपात केसांच्या डायमध्ये ते दोन टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. टपरीवरच्या काळ्या मेंदीचे नमुने तपासले तेव्हा त्यात त्याच्या कितीतरी पट सापडलं. घरात डायची पुडी असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर एकदा लेकीकडून वाचून घ्या. आधी थोडं लावून पाहा, भुवयांना-पापण्यांना लावू नका, असं तिथं छापलेलं असतं. जे भुवईला चालत नाही ते लेकराच्या दंडावर तासभर घट्ट थापायचं!

फोड दोन-तीन आठवड्यांत बसले. फुलपाखराच्या जागी आता पांढुरका डाग आहे, तो जायला महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. पण खरं दुखणं वेगळंच आहे. शरीरानं एकदा या रसायनाशी वैर धरलं की ते जन्मभर धरतं. ही पोरगी चाळिशीला केसांना डाय लावायला गेली तर चेहरा सुजेल, डोळे मिटतील, श्वासही अडू शकतो. गडद रंगाचे काही कपडे, काही रबरी वस्तू, बधिर करायची काही मलमं, यांनीही त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी तिला एक कागद लिहून दिलाय. यापुढं प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक पार्लरवालीला तो दाखवायचा.

टपरीवरच्या पोराचा राग आम्हाला आला होता. पण त्याची बोटं आठवतात. काळी पडलेली, सालपटं निघालेली, भेगाळलेली. दिवसभर तोच लगदा हाताळतो, हातमोजा नाही. त्यालाही कुणी ‘हर्बल आहे’ असं सांगूनच तो विकला असणार.

ओळखायचं कसं, ते सांगतो. खरा लगदा हिरवट-तपकिरी असतो, पाल्याचा वास येतो, लिंबाचा किंवा निलगिरीचाही येईल. खोटा लगदा आधीपासूनच कोळशासारखा काळा, वास डायसारखा उग्र. खरी मेंदी चार-सहा तास ठेवावी लागते. अर्ध्या तासात काळी होणारी ती मेंदी नव्हे. पाच मिनिटांत लाल करणारे कोन बाजारात येतात, तेही नुसत्या पाल्याचं काम नव्हे. आणि तोंडानं विचारा, ‘यात काय घातलंय?’ खामगावला चांदी घेताना आपण शुद्धता विचारल्याशिवाय पैसे काढतो का? सावंतवाडीच्या दुकानातल्या बाईला सांगता आलं, मेंदीवाल्या म्हातारीला सांगता आलं. ज्याला सांगता येत नाही त्याच्यापुढं हात धरू नका.

लावून झालंच असेल तर साबणानं भरपूर धुवा. खाज किंवा फोड आले तर खाजवू नका, फोडू नका, घरचे लेप नकोत. दवाखान्यात जा आणि काळी मेंदी लावली होती हे आपण होऊन सांगा. तोंड सुजलं, दम लागला तर १०८ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. त्रास त्याच दिवशी होईल असंही नाही, पंधरा दिवसांनीही होतो.

यावरून जत्रेतल्या गोंदणाचं. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हातावर हिरवं गोंदण होतं. आता जत्रेत मशीनवाला बसतो, एकाच सुईनं वीस जणांची नावं गोंदतो. रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही पसरायला तेवढं पुरतं. नवी सुई आपल्यासमोर फोडत असेल तरच, नाहीतर घरी चला.

आता आमच्या पोटावरचं. आमच्या गटातल्या दोघी लग्नसराईत नवरीची मेंदी काढतात. त्यावर त्यांचं वर्षाचं गणित असतं. कोकणातून आल्यावर त्यांनी बैठकीत सांगितलं की गिऱ्हाईकच काळी मागतं. मेंदी जितकी गडद तितकी सासू मायाळू, असा आपल्याकडं समज. कोनात डायची अर्धी पुडी टाकली की काम होतं, बाजारात टाकणाऱ्या आहेतच. त्या दिवशी बैठक रात्री दहापर्यंत चालली. एकीचं म्हणणं, आपण नाही टाकली तर ऑर्डर दुसरीकडं जाईल. तेही खरंच होतं. शेवटी ठरलं की टाकायची नाही, आणि गिऱ्हाईकाला आधीच सांगायचं. गेल्या महिन्यात एक ऑर्डर त्यामुळं गेली. दुसऱ्या एका घरानं पोरीचा दंड पाहिला होता, त्यांनी आपण होऊन बोलावलं.

रंग गडद हवा असेल तर त्याला रीत आहे. मेंदी लग्नाच्या आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी काढा, म्हणजे ऐन दिवशी रंग चढलेला असतो. पूड ताजी, हिरवी, कापडानं गाळलेली हवी. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, २०२१ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावानं जुनी पूडही विकतात, तेव्हा वास घेऊन पाहा. लिंबाच्या रसात भिजवून रात्रभर ठेवा, थोडी साखर घाला म्हणजे वाळून झडत नाही. काढल्यावर दिवसभर पाण्यात हात नको. नवरीला तेवढा एक दिवस तरी भांडी घासायला लावू नका. सासूच्या स्वभावाचं आमच्याकडं औषध नाही. आणि बारशाला तान्ह्या बाळाच्या तळव्यांना खरी मेंदीसुद्धा लावू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, त्यांना मेंदीनं कावीळ होऊन रक्त कमी होऊ शकतं, आणि ती कमतरता वरून दिसत नाही.

घरची मेंदी सगळ्यांत चांगली. कुंपणाला ‘मेंदी’ म्हणून लावतात ती बऱ्याचदा कोयनेल असते, तिनं हात रंगत नाही. खऱ्या मेंदीला बारीक पानं, जुन्या फांदीला काटे आणि वासाची फुलं असतात. आमच्या एकीच्या बांधावर तीन जुनी झुडपं आहेत. पावसाळ्यात छाट लावली की धरते. ज्यांना हवी त्यांनी जूनच्या बैठकीला या, येताना ओलं गोणपाट आणा.