म्हाताऱ्या बैलाची वैरण : आधी दाढा पाहा, मग पोते आणा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर, विम्यावर, विजेवर बोलणे झाले. माझा विषय गोठ्यातला आहे. ज्याच्या दावणीला बारा-चौदा वर्षांचा बैल उभा आहे, खातो पण अंग धरत नाही, लांबून बरगड्या मोजता येतात, त्याच्यासाठी हे बोलणे आहे.

पूर्वी अशा बैलाला बाजार दाखवता येत असे. 1976 च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण काम संपलेला बैल दाखला घेऊन विकता येई. त्या पैशात भर घालून दावणीला नवे गोऱ्हे येई. मार्च 2015 पासून बैलालाही बंदी लागू झाली. कायदा मुंबईत झाला, वैरणीचा खर्च मात्र परंड्यात, भूममध्ये, कळंबमध्ये पडतो. 2024 साली सरकारने गोशाळेतल्या देशी गायीसाठी रोज 50 रुपये ठरवले. तुमच्या दारातल्या बैलाला त्यातला रुपया नाही. तेव्हा हा बैल आपणच सांभाळायचा आहे, आणि तीन एकर कोरडवाहूच्या हिशेबात बसेल असा सांभाळायचा आहे.

बैल खंगला की आपण काय करतो? तालुक्याला जातो, खुराकाचे पोते आणतो, दुकानदार वर एक ताकदीची बाटली देतो. महिन्याने बैल तसाच, आणि उधारी वाढलेली. पोते आणण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता : आता जे खातो आहे, ते याच्या अंगी का लागत नाही?

बाजारात आपण बैलाचे पुढचे दात पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. पण कडबा दळला जातो तो मागच्या दाढांवर, आणि त्या कोणी पाहत नाही. म्हाताऱ्या बैलाच्या दाढा झिजतात, वाकड्या होतात, एखादी पडते. त्याची खूण शेणात सापडते. ओंजळभर शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवा. लांब लांब काड्या आणि अख्खे दाणे राहिले तर दळण नीट होत नाही असे समजा. रवंथ करताना चघळलेला बोळा खाली पडतो का, बैल एकाच बाजूने चघळतो का, लाळ गळते का, तेही पाहा. हे आधी कळते ते गोठा झाडणाऱ्या बाईला. तिला विचारा. (मायबहिणींनो, न विचारताही सांगा.)

दाढा ठीक असतील तर शेण तपासून घ्या. पोटात जंत असतील तर तुमची पेंड जंत खातात. बैल मान एका बाजूला कलती धरतो, डोके झटकतो, शिंग हलते किंवा वाकते, नाकपुडीतून रक्त येते, तर तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. कुट्टीबरोबर गेलेली तार किंवा खिळा पोटात रुतला असेल, तर सोन्याचा घास घातला तरी उपयोग नाही. ही कामे डॉक्टरांची आहेत. लम्पीतून उठलेले जनावर सावरायला महिने घेते, तिथे मात्र धीर धरावा लागतो.

आता वैरण. आपला शाळूचा कडबा, त्यातही मालदांडीचा, बैलाला आवडतो. पण त्यात शंभर किलोला प्रथिने जेमतेम साडेतीन-चार किलो. बैल चारा स्वतः पचवत नाही. त्याच्या पहिल्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात, ते पचवतात. एकूण खाण्यात प्रथिने शेकडा सातच्या खाली गेली की हे जंतूच उपाशी राहतात. मग कडबा पोटात पडून राहतो, बैल कमी खातो आणि पोट सुटलेले पण पाठ वाळलेली असे रूप येते.

हिशेब मांडू. पावणेचारशे किलोच्या बैलाला दिवसाला नऊ-दहा किलो कोरडा माल लागतो. आठ किलो कडब्यातून प्रथिने मिळाली 280 ग्रॅम. एक किलो सरकी पेंड घातली, त्यातून सुमारे 220 ग्रॅम. झाले 500. अजून पाचेक किलो हिरवा लसूणघास किंवा चवळी घातली तर पावणेसातशेच्या आसपास जाते, म्हणजे शेकडा सातच्या जवळ. एवढ्याने काम भागते. हिरवे नसेल तर तुरीची चुनी दीड किलोभर द्या, आणि तुरीचे भुसकट पाल्यासकट ठेवा, ते जाळू नका. सोयाबीनचे भुसकट काडीला कठीण असते. झिजलेल्या दाढांना ते एकटे देऊ नका, कडब्याच्या कुट्टीत थोडे मिसळा.

वजन काट्यावर करायची गरज नाही. इंची टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 67 इंच आणि लांबी 55 इंच असेल तर 374 किलो येतात. आकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. पोते लागू पडले की नाही, हे दुकानदार नाही, टेप सांगेल.

दाढा गेलेल्या बैलाला कडब्याची पेंढी टाकणे म्हणजे बोळक्या आजोबांपुढे ऊस ठेवणे. एक ते दोन सेंटिमीटरची कुट्टी करा, पाणी शिंपडून मऊ होऊ द्या. अगदी भुगा करू नका, काडी लागली नाही तर रवंथ थांबते. सरकी पेंड भिजवून द्या, उन्हाळ्यात आंबू देऊ नका. (सरकी आपल्याच कपाशीची, तेल काढून आपल्यालाच विकली जाते. निदान घेताना थोडी पाण्यात टाका, तळाला माती-वाळू दिसली तर परत करा.) रोज 30 ग्रॅम मीठ आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण. पाणी दिवसातून तीनदा दाखवा, कोरड्या वैरणीला पाणी जास्तच लागते. अवकाळीत भिजून काळा पडलेला कडबा म्हाताऱ्या जनावराला घालू नका.

आणि गव्हाण वेगळी करा. तरुण बैल शिंग दाखवून म्हाताऱ्याला बाजूला सारतो. कित्येक ठिकाणी रोग एवढाच असतो.

दया येऊन एकदम दोन पायल्या ज्वारी भरडून घालू नका, लग्नातला उरलेला भात-पोळ्याही नको. पोटात आंब तयार होते, बैल फुगतो, बसतो आणि दोन दिवसांत जातो. भरडा द्यायचाच तर पाव किलोपासून सुरू करून आठवडाभरात वाढवा. दुष्काळात उसाचे वाढे आणाल. त्यांतले ऑक्झलेट अंगातला चुना ओढून घेते, म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा आणि वाढ्यांवर एकट्यावर जनावर ठेवू नका. खोडव्याचे ज्वारीचे कोवळे फुटवे तर नकोच, ते विषारी असतात.

पेंड परवडत नाही, त्याला युरियाची प्रक्रिया आहे. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर देत, शिंपडत, तुडवत जायचे आणि प्लास्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचे. काढल्यावर तासभर पसरून वास उडू द्या, मग आधी थोडा, नंतर पोटभर. युरियाचे पाणी बैलाला कधीही पाजू नका, बादली उघडी ठेवू नका, तेच विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासराला आणि घोड्या-गाढवाला हा चारा द्यायचा नाही, त्यांचे पोट वेगळे.

जेवणानंतर मागच्या आवारात शंभर किलो कुट्टीवर हे करून दाखवणार आहोत. ज्यांनी पाट्या, झारी आणली आहे त्यांनी पुढे बसावे. एकवीस दिवसांनी तोच ढीग उघडू. त्या दिवशी येताना आपापल्या बैलाच्या वजनाचा आकडा लिहून आणा.