साइटमॅप: पानांची यादी आणि खरी तारीख

साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरच्या ज्या पानांची शोधयंत्राने नोंद घ्यावी, त्या पानांच्या पत्त्यांची यादी. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी याच नावाची एक कडी असते, पण ती माणसांसाठीची अनुक्रमणिका. येथे विषय आहे तो यंत्राने वाचायच्या फाइलचा. गुगल, बिंग यांचे क्रॉलर, म्हणजे पानामागून पान वाचत हिंडणारे प्रोग्रॅम, ही फाइल वाचतात. गुगलने ही पद्धत जून २००५ मध्ये आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तीच मान्य केली, त्यामुळे तेव्हापासून सगळ्यांना मिळून एकच फाइल पुरते.

क्रॉलर चालतो तो कड्यांवरून. एका पानावरून दुसऱ्याकडे कडी असेल तर तो तिकडे जातो, नसेल तर त्याच्या लेखी ते पान नाहीच. पोलादपूर तालुक्यात शिरगणतीला निघालेल्या प्रगणकाची गत अशीच असते. महामार्गालगतचे गाव त्याला विनासायास सापडते. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर, चार-सहा घरांची वाडी असते आणि तिकडची पायवाट गवतात हरवलेली असते. कुणी सांगितलेच नाही तर तो खालूनच परत फिरेल. तलाठ्याने वाड्यांची यादी हातात दिली, तर निदान विचारत विचारत वर चढेल. साइटमॅप ही ती यादी. मात्र यादी मिळाली म्हणून वाडीला रस्ता नको, असे होत नाही. मुखपृष्ठावरून किंवा एखाद्या ठळक पानावरून प्रत्येक पानाकडे कडी जायलाच हवी. साइटमॅप केला म्हणून कड्या देण्याचा आळस करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची पाने यादीत असूनही मागे पडतात.

समजा, रायगड पाहायला येणाऱ्यांसाठी पाचाडला राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एखाद्या कुटुंबाने संकेतस्थळ केले. त्यावर गडाचे पान आहे, महाडच्या चवदार तळ्याचे आहे, गांधारपाले लेणी, सवचे गरम पाण्याचे झरे, शिवथरघळ, उमरठची तानाजी मालुसऱ्यांची समाधी यांचीही पाने आहेत. एवढ्या लहान स्थळाला साइटमॅप नसला तरी बिघडत नाही. सुमारे पाचशे पानांच्या आत असलेल्या, नीट कड्या जोडलेल्या स्थळाला त्याची गरज नसावी, असे गुगलच सांगते. पण स्थळ नवे असेल, बाहेरून कुणाचीच कडी येत नसेल, तर यादी दिलेली बरी.

फाइलची रचना साधी आहे. प्रत्येक पानाची एक नोंद, तिच्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि शेवटच्या बदलाची तारीख. पान किती वेळा बदलते आणि किती महत्त्वाचे आहे, हे सांगणाऱ्या आणखी दोन जागा असतात, पण गुगल त्यांच्याकडे पाहत नाही. तरीही प्रत्येक पानापुढे सर्वोच्च महत्त्व लिहून ठेवण्याची हौस काही जात नाही.

उरते ती तारीख, आणि सगळी मेख तिथेच आहे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात. आपल्या सवयीच्या उलट क्रमाने, आणि तीही इंग्रजी अंकांत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती खरी असावी लागते. पावसाळ्यात वरंध घाट आणि आंबेनळी घाट वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश निघतात, पुढे रस्ता खुला होतो, पुन्हा दरड आली की पुन्हा बंद. महाडहून भोरला किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेला माणूस फोनवर घाट चालू आहे का, ते शोधतो. त्याला गेल्या वर्षीचे पान दिसले, तर तो वळणावळणांनी वर जाऊन नाक्यावरून माघारी येतो. घाटाची माहिती देणाऱ्या स्थळाने ती बदलली त्याच दिवसाची तारीख साइटमॅपमध्ये पडली, तर क्रॉलरने त्या पानाकडे लवकर वळण्याची शक्यता वाढते.

याच्या उलट प्रकार सर्रास चालतो. काही स्थळे रोज मध्यरात्री सगळ्याच पानांवर आजची तारीख टाकतात. पानातला एक शब्दही बदललेला नसतो. वाड्यांच्या यादीत प्रत्येक वाडीपुढे ‘नवे घर बांधले’ असा शेरा मारल्यासारखे हे झाले. प्रगणक दोनदा चढून जाईल, कुलपे पाहून उतरेल, आणि तिसऱ्यांदा त्या शेऱ्याकडे बघणारही नाही. मग खरोखर नवे घर उभे राहील तेव्हाही तो येणार नाही. तारीख सातत्याने खरी असल्याचे दिसले तरच गुगल तिचा उपयोग करते. तळटीप बदलली, कोपऱ्यातली जाहिरात बदलली, हा बदल नव्हे. वाचणाऱ्याच्या उपयोगाचा मजकूर बदलला, तरच तो बदल. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅप आपोआप करून द्यायला सुरुवात केली. त्यात तारीख आली ती २०२४ च्या ६.५ आवृत्तीत. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे.

यादीत काय घालू नये, हेही पाहिले पाहिजे. काढून टाकलेली पाने नकोत. उठून गेलेल्या वाडीवर प्रगणकाला धाडण्यात काय अर्थ? एकच पान दोन पत्त्यांवर उघडत असेल तर मुख्य पत्ता तेवढा द्यावा, नाहीतर एकाच घराला दोन क्रमांक पडतात. ज्या पानांवर ‘नोंद घेऊ नये’ अशी खूण आहे तीही यादीत नकोत. बोलावणे धाडायचे आणि दाराला कडी घालायची, असे ते होते.

मराठी पत्त्यांची एक वेगळी अडचण आहे. देवनागरी पत्ता फाइलमध्ये सांकेतिक रूपात लिहावा लागतो आणि त्यात एकेका वर्णाला किंवा मात्रेला नऊ चिन्हे लागतात. ‘महाड’ एवढा शब्द छत्तीस चिन्हांचा होतो, ‘पोलादपूर’ बहात्तर चिन्हांचा. पत्ता २,०४८ चिन्हांच्या आत असावा लागतो, तेव्हा पूर्ण मथळाच पत्त्यात ओतण्याची सवय आवरलेली बरी. एकच पान मराठीत आणि इंग्रजीत असेल तर ती एकमेकांची भाषांतरे आहेत, हेही साइटमॅपमध्ये सांगता येते. रायगड जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळासारख्या द्विभाषिक स्थळांना ही सोय फार उपयोगाची.

एका फाइलमध्ये पन्नास हजार पत्ते मावतात, आणि न दाबता तिचा आकार पन्नास एमबीपर्यंत चालतो. त्यापुढे अनेक फाइली करून त्यांची एक यादी द्यावी. फाइल सहसा स्थळाच्या मुळाशी ठेवतात आणि तिचा पत्ता ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये एका ओळीत लिहितात. गुगलच्या सर्च कन्सोलमध्येही तो नोंदवता येतो. साइटमॅप बदलला की गुगलला हाक मारून कळवण्याची जुनी सोय २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे बदल झाल्याची खूण म्हणून आता फाइलमधली तारीखच अधिक मोलाची, आणि म्हणूनच ती खोटी घालू नये, हे पुन्हा सांगावे लागते. बिंगसाठी इंडेक्सनाऊ ही २०२१ पासूनची वेगळी व्यवस्था आहे. गुगल तिच्यात नाही.

शिरगणतीचा दाखला एका ठिकाणी तुटतो. प्रगणकाला प्रत्येक घराची नोंद करणे भागच असते. शोधयंत्रावर तसे बंधन नाही. यादीतले पान ते पाहील, वाचील आणि तरीही नोंदवणार नाही, असे घडते. सर्च कन्सोलच्या अहवालात ‘सापडले, पण नोंदवले नाही’ आणि ‘वाचले, पण नोंदवले नाही’ असे दोन शेरे निरनिराळे दिसतात. पहिल्याचा अर्थ क्रॉलर अजून तिथे गेलेला नाही. तिथे कड्या वाढवाव्यात, तारीख तपासावी. दुसऱ्याचा अर्थ तो जाऊन आला आणि पान नोंदवण्याजोगे वाटले नाही. मग मजकूर पाहावा. दहा स्थळांवरून उचललेला गडाचा तोच इतिहास पुन्हा छापला असेल, तर साइटमॅप काय करणार? गडावर चढताना पाणी कुठे मिळते आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे लिहिले तर गोष्ट निराळी.

बातम्यांच्या स्थळांसाठी स्वतंत्र साइटमॅप असतो. त्यात गेल्या दोन दिवसांतल्याच बातम्या ठेवायच्या, एका फाइलमध्ये फार तर हजार. छायाचित्रांचे पत्तेही साइटमॅपमध्ये देता येतात. त्यांचा तपशील येथे मावत नाही.