ताटातील निवड आणि मनाचा ताबा



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक विवेकी असतो. आज ठरवलेले तो उद्या पाळतो, असे गृहीत धरले जाते. वसतिगृहात रात्री अकराच्या सुमारास हे गृहीतक कोलमडते. सकाळी ठरलेला फळांचा बेत इन्स्टंट नूडल्सपुढे टिकत नाही. रिचर्ड थेलर आणि हर्श शेफ्रिन यांनी १९८१ मध्ये या विसंगतीला सैद्धांतिक रूप दिले. एकाच व्यक्तीत दूरचे पाहणारा नियोजक आणि क्षणापुरते जगणारा कर्ता, असे दोघे नांदतात, ही त्यांची मांडणी. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे आत्मसंयमावरील हे कामही होते.

मग कर्त्याला नियमांनी जखडून टाकले की प्रश्न सुटतो काय? तसे दिसत नाही. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. आधी काहींना मिल्कशेक दिला, नंतर सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. वजनासाठी सतत पथ्य पाळणाऱ्या मुलींनी उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेलाच, असा हा हिशेब! बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, हे अर्थशास्त्राचे सूत्र येथे नेमके उलटे होते. अर्थात त्यात भुकेचाही वाटा आहे. १९४४-४५ मधील मिनेसोटा येथील अर्धोपासमारीच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, तेव्हा त्यांना अन्नाखेरीज दुसरे सुचेना. काही जण तर पाककृती जमवू लागले. परीक्षेच्या काळात जेवण टाळून अभ्यासाचा वेळ वाचवणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात घ्यावा.

सडपातळ होण्याची ही ओढ येते कोठून? फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या वर्षी वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झाले. दूरचित्रवाणीची जागा पुढे मोबाइलने घेतली. फेसबुक २००४ पासून अमेरिकेत एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. या क्रमाचा आधार घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, त्याच्या आगमनानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळल्याचे दिसले. इतरांशी होणारी प्रतिकूल तुलना हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले.

भारतात ही ओढ अधिक महाग पडते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर १८.७ टक्के प्रमाणापेक्षा कृश आहेत. १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अशा मुलीने 'बारीक' होण्यासाठी रात्रीचे जेवण सोडले, तर त्याला संयम म्हणणे कठीण आहे.

शिवाय आरसा आणि वजनकाटा दोन्ही फसवे आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. दिसायला बारीक असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, हे एवढ्या नेमकेपणाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

धोरणांचा सूर मात्र जुळलेला नाही. केरळने २०१६ मध्ये नामांकित उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो संपला. सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४० टक्के कर आहे. त्याच फेररचनेत नूडल्स, नमकीन आणि चॉकलेट ५ टक्क्यांवर आले. घरखर्चाच्या दृष्टीने हा दिलासा खरा, पण रात्री अकराच्या कर्त्याला तो नको तेवढा सोयीचा आहे.

नियोजकाच्या हाती तरीही काही साधने उरतात. सदाशिव पेठेतील वा मुखर्जीनगरातील विद्यार्थी खाणावळीचे पैसे महिन्याच्या आरंभी भरतो, तेव्हा तो नकळत स्वतःला बांधून घेत असतो. पैसे आधीच गेल्यामुळे वरण-भात, भाजी, उसळ त्याला त्या क्षणी फुकट वाटते आणि बाहेरचे खाणे महाग. मात्र खाणावळ नऊला बंद होत असेल आणि अभ्यासिका बाराला, तर हे साधन शेवटचे तीन तास निकामी ठरते. त्या वेळी खोलीत शेंगदाणे, फुटाणे, केळी आधीच आणून ठेवलेली असतील, तर रात्रीच्या कर्त्याला निवड करण्याची वेळच येत नाही.